दिवाण, दरबार आणि दंड : बस्तरमधील १८७६ व १९१० च्या उठावांविषयीच्या वसाहतिक युक्तिवादाची चिकित्सा

प्रस्तावना

ब्रिटिश हिंदुस्थानातील आदिवासी उठावांचा अभ्यास बहुतांशी ‘आदिवासी विरुद्ध इंग्रज’ या द्विपदरी चौकटीत झालेला दिसतो. खालसा मुलखापुरती ही चौकट बऱ्याच अंशी पुरेशी आहे. मात्र संस्थानी मुलखात ती अपुरी पडते, कारण तेथे उठाव करणारा समाज आणि वसाहतिक सत्ता यांच्यामध्ये राजा उभा असतो आणि राजा व प्रजा यांच्यामध्ये दिवाण. उठाव नेमका कोणाविरुद्ध आहे, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ माहितीचा राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. उठाव राजाविरुद्ध आहे असे म्हटल्यास राजाचे रक्षण करण्याची जबाबदारी सार्वभौम सत्तेवर येते. तो दिवाणाविरुद्ध आहे असे म्हटल्यास दिवाण बदलून प्रश्न मिटवता येतो. तो सरकारविरुद्ध आहे असे मान्य केल्यास मात्र संस्थानाच्या स्वायत्ततेचा देखावाच उरत नाही.

बस्तर संस्थानातील १८७६ चा मुरिया उठाव आणि १९१० चा ‘भूमकाल’ या दोन घटनांच्या संदर्भात वसाहतिक अधिकाऱ्यांनी केलेल्या युक्तिवादाची चिकित्सा करणे आणि या युक्तिवादाचे नंतरच्या इतिहासलेखनात काय झाले हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एकाच संस्थानात, एकाच राजघराण्याच्या काळात, चौतीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन उठावांना सरकारने दिलेली उत्तरे परस्परविरोधी होती. पहिल्या वेळी दरबार भरला. दुसऱ्या वेळी फटके मारले गेले. हा फरक उठावांच्या स्वरूपातून निर्माण झाला की अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या स्थानातून, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

बस्तरचे राजघराणे स्वतःचा संबंध वरंगळच्या काकतीयांशी जोडते. दंतेवाड्याची दंतेश्वरी ही या घराण्याची कुलदेवता. राजा हा देवीचा प्रथम पुजारी मानला जात असल्याने त्याचे राजेपण प्रजेच्या धार्मिक जीवनात गुंतलेले होते. दसऱ्याच्या दीर्घ उत्सवात परगण्यापरगण्यांतील मांझी, चालकी आणि गावोगावच्या देवता जगदलपुरास येत. रथासाठी लाकूड कोणी आणावे, रथ कोणी बांधावा आणि तो कोणी ओढावा याचे मान ठरलेले होते. राजा आणि आदिवासी समाज यांचे नाते केवळ कर घेणारा व कर देणारा असे नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

राजकीयदृष्ट्या बस्तर हे नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याबरोबर बस्तरची खंडणीही कंपनी सरकारकडे आली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाल्यावर बस्तर या प्रांताच्या मांडलिक संस्थानांत गणले जाऊ लागले. सुमारे १३,००० चौरस मैलांच्या या संस्थानाची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेनुसार ३,०६,५०१ होती. एवढ्या विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या मुलखावर नागपूर, रायपूर किंवा सिरोंचा येथून लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना संस्थान दिसत असे ते मुख्यतः दिवाणाच्या कागदांतून. पूर्वेकडील जयपूर जमीनदारी मद्रास इलाख्यात मोडत असल्याने आणि कोटपाड परगण्यावरून बस्तर व जयपूर यांच्यात जुना तंटा असल्याने बस्तरच्या प्रश्नाकडे दोन प्रांतांचे अधिकारी आपापल्या बाजूने पाहत.

१८७६ : दिवाणाविरुद्धचा उठाव, राजासाठीचा उठाव

राजा भैरमदेव यांच्या कारकिर्दीत दिवाण गोपीनाथ कपडदार आणि मुन्शी आदित प्रसाद यांच्या कारभाराविषयी मुरिया समाजात तीव्र असंतोष होता. वेठबिगार, वाढत्या मागण्या आणि खालच्या नोकरवर्गाची जुलूमजबरदस्ती ही त्यामागील कारणे. १८७६ च्या आरंभी प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी राजा जगदलपुराहून निघाला, तेव्हा मारेंगा येथे जमलेल्या मुरियांनी त्याची वाट अडवली. राजाने राज्य सोडून जाऊ नये, कारण त्याच्या पाठीमागे आपण दिवाणाच्या हाती सापडू, असे त्यांचे म्हणणे होते. यातून संघर्ष चिघळला, गोळीबार झाला आणि अखेर मुरियांनी जगदलपुरास वेढा दिला.

या घटनाक्रमात एक लक्षणीय बाब आहे. ज्या राजाची राजधानी वेढली गेली, त्याच राजाने जाऊ नये म्हणून हा उठाव सुरू झाला होता. वसाहतिक प्रशासनाच्या रूढ शब्दसंग्रहात अशा कृतीसाठी शब्द नव्हता. राजाची वाट अडवणे हा राजद्रोह. पण राजाने राहावे म्हणून वाट अडवणे ही तर निष्ठा. सिरोंचाचे डेप्युटी कमिशनर मॅकजॉर्ज यांनी चौकशी केली, तेव्हा त्यांच्यासमोर हाच पेच होता.

मॅकजॉर्ज यांनी जो मार्ग स्वीकारला तो वसाहतिक इतिहासात अपवादात्मक म्हणावा असा आहे. दिवाण व मुन्शी यांना संस्थानाबाहेर काढण्यात आले, लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेण्यात आली आणि ८ मार्च १८७६ रोजी जगदलपुरास दरबार भरला. ‘मुरिया दरबार’ या नावाने दसऱ्याच्या उत्सवात भरणारी सभा याच दरबाराशी जोडली जाते.

या निर्णयाचे श्रेय मॅकजॉर्ज यांच्या व्यक्तिगत समंजसपणाला देण्याची प्रवृत्ती लोकप्रिय लेखनात आढळते. तो समंजसपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ त्यावर विसंबून राहिल्यास निर्णयामागील हिशोब झाकला जातो. गोपीनाथ हा राजाचा दिवाण होता. तो सरकारचा नोकर नव्हता. त्याला दोषी ठरवल्याने सरकारवर कोणतेही किटाळ येत नव्हते. उलट गैरकारभार राजाच्या दरबारात झाला आणि न्याय साहेबाने दिला, असे चित्र त्यातून उभे राहिले. राजाची प्रतिष्ठा कायम राहिली, प्रजेचे समाधान झाले आणि संस्थानाच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करण्याचा सरकारचा अधिकारही निर्विवादपणे प्रस्थापित झाला. १८७६ चा दरबार हा म्हणूनच न्यायाचा प्रसंग होता, तसाच तो सत्तासंक्रमणाचाही प्रसंग होता. दिवाणाला काढण्याची सत्ता ज्याच्याकडे गेली, त्याच्याकडे पुढे दिवाण नेमण्याची सत्ताही जाणार होती.

१९१० : दिवाण सरकारचा झाला तेव्हा

१८९१ मध्ये भैरमदेव यांच्या निधनानंतर त्यांचा अल्पवयीन पुत्र रुद्रप्रतापदेव गादीवर आला. त्याचे शिक्षण रायपूरच्या राजकुमार कॉलेजात झाले आणि या काळात संस्थानाचा कारभार सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे होता. आधी युरोपीय प्रशासक आले. नंतर प्रांतिक सेवेतील एतद्देशीय अधिकारी आला. पंडा बैजनाथ हे अशा नेमणुकीने आलेले दिवाण. १९०८ मध्ये राजाला अधिकार मिळाल्यावरही कारभाराची सूत्रे प्रत्यक्षात दिवाणाकडेच राहिली.

या काळात संस्थानाच्या कारभाराला ‘सुधारणे’चे वळण मिळाले. १९०५ मध्ये दोन-तृतीयांश जंगल राखीव करण्याचा प्रस्ताव पुढे आला. फिरती शेती, शिकार आणि जंगलातील वस्तू गोळा करणे यांवर बंधने आली. काही गावांना राखीव जंगलात राहू दिले गेले, तेही वनखात्यासाठी फुकट राबण्याच्या अटीवर. शाळा निघाल्या, पण शाळेच्या बांधकामापासून शिक्षकाच्या शिध्यापर्यंतचा भार गावावर पडला. मोहाची दारू घरी गाळण्यावर बंधने आली. १८९९-१९०० आणि १९०७-०८ च्या दुष्काळांनी या सर्वांची धार वाढवली.

फेब्रुवारी १९१० च्या पहिल्या आठवड्यात उठावाला तोंड फुटले. आंब्याची डहाळी, मातीचे ढेकूळ, मिरची आणि बाण यांची देवाणघेवाण गावोगाव होऊन निरोप पोहोचला होता. बाजार लुटले गेले आणि धान्य वाटले गेले. पोलिस चौक्या, शाळा, वनखात्याच्या इमारती आणि व्यापारी व अधिकारी यांची घरे जाळण्यात आली. कांगेर जंगलातील धुरवा समाज यात अग्रभागी होता, आणि नेतानारचा गुंडाधुर हे त्यातील सर्वांत ठळक नाव. राजघराण्यातील लाल कालेंद्रसिंह आणि राणी सुबरनकुंवर यांचाही उठावाशी संबंध जोडला गेला.

यावेळी सरकारचे उत्तर सैन्याचे होते. वाटाघाटीसाठी पुढे आलेल्यांच्या तळांना वेढा घालून गोळीबार झाला. नंतर गावोगाव फिरून फटक्यांच्या शिक्षा देण्यात आल्या. फेब्रुवारी ते मे असे तीन महिने परिस्थिती काबूत आणण्यास लागले. गुंडाधुर हाती लागला नाही. लाल कालेंद्रसिंह यांची वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे रवानगी झाली.

‘कारण’ आणि ‘कर्ता’

उठावानंतरच्या सरकारी विवेचनात दोन स्पष्टीकरणे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिले गाऱ्हाण्यांचे. छत्तीसगड संस्थानांचे पोलिटिकल एजंट डी ब्रेट यांच्या अहवालात जंगलाचे आरक्षण, वन अधिकाऱ्यांची दांडगाई, शिक्षक व पोलिस यांच्याकडून होणारी पिळवणूक, वेठबिगार, जमिनीच्या मालकीतील बदल, दारूबंदी अशा कारणांची यादी येते. दुसरे स्पष्टीकरण कारस्थानाचे. त्यानुसार भोळ्या आदिवासींना राजघराण्यातील असंतुष्टांनी चिथावले. एका स्पष्टीकरणाला ‘कारणे’ हवी आहेत. दुसऱ्याला ‘कर्ता’ हवा आहे.

वरवर पाहता ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी आहेत आणि अधिकाऱ्यांनी त्यांपैकी एक निवडावयास हवे होते. प्रत्यक्षात दोन्ही वापरली गेली, पण वेगवेगळ्या कामांसाठी. गाऱ्हाण्यांचे स्पष्टीकरण अहवालात गेले. कारस्थानाचे स्पष्टीकरण शिक्षेत उतरले. जंगल आरक्षणाचे काम तात्पुरते थांबवण्यात आले आणि राखीव करावयाचे क्षेत्र आधीच्या योजनेच्या सुमारे निम्म्यावर आणले गेले. म्हणजेच उठावकऱ्यांची मुख्य मागणी अंशतः मान्य झाली. मात्र ती मागणी म्हणून मान्य झाली नाही. प्रशासनाने स्वतःहून केलेली दुरुस्ती म्हणून ती कागदावर आली. ज्यांच्या पाठीवर वळ उठले, त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, हे सांगण्याची जागा या भाषेत नव्हती. सवलत दिली गेली, पण कबुली दिली गेली नाही.

१८७६ आणि १९१० मधील फरक येथे उलगडू लागतो. १९१० चा उठाव अधिक व्यापक व अधिक हिंसक होता, म्हणून त्याला अधिक कठोर उत्तर मिळाले, असे सर्वसाधारण समर्थन केले जाते. त्यात तथ्यांश आहे. तथापि राजधानीला वेढा १८७६ मध्येही पडला होता. निर्णायक भेद दिवाणाच्या नेमणुकीत आहे. गोपीनाथ राजाचा होता, बैजनाथ सरकारचे होते. बैजनाथांची वनयोजना, त्यांच्या शाळा आणि त्यांची महसूलव्यवस्था ही प्रांतिक सरकारच्या धोरणाचीच संस्थानी आवृत्ती होती. १८७६ चा तोडगा १९१० मध्ये जसाच्या तसा वापरला असता, तर दिवाणासोबत धोरणही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले असते. ते टाळण्यासाठी ‘कर्ता’ शोधणे आवश्यक होते, आणि तो राजघराण्याच्या बाजूच्या शाखेत सापडला.

केओंझरचा तुलनात्मक दाखला

हा निष्कर्ष केवळ बस्तरपुरता आहे काय, हे पाहण्यासाठी ओरिसातील केओंझर संस्थानाचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथे १८६८ मध्ये भुइयांनी धनंजय भंज यांच्या राज्यारोहणाविरुद्ध उठाव केला. वारसाहक्काचा निकाल सरकारने धनंजय यांच्या बाजूने दिला होता. भुइयांच्या परंपरेत मात्र राजाच्या अभिषेकविधीत त्यांच्या प्रमुखांचा सहभाग असल्याखेरीज राजेपण पूर्ण होत नसे. उठाव मोडून काढण्यात आला आणि त्याचा नेता रत्ना नायक यास फाशी देण्यात आली. छोटा नागपूरचे कमिशनर डाल्टन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानववंशशास्त्रीय ग्रंथात याच भुइयांच्या अभिषेकविधीची नोंद केली आहे.

भुइयांनी राजेपणाविषयी मांडलेला युक्तिवाद राजकीय प्रसंगी बंड ठरला आणि ग्रंथात आल्यावर चालीरीत ठरला. केओंझरमध्येही राजा ‘सरकारमान्य’ असल्याने त्याच्याविरुद्धचा उठाव सरकारच्या निर्णयाविरुद्धचा ठरला. तेथे १८९१ मध्ये धरणीधर यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उठाव झाला, यावरून पहिल्या वेळचा प्रश्न दंडाने सुटला नव्हता हे दिसते.

अभ्यासकांच्या वाचनाची चिकित्सा

अशा सरकारी गद्याचे वाचन कसे करावे, याची दिशा रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये ‘सबाल्टर्न स्टडीज’च्या दुसऱ्या खंडातील निबंधात व त्याच वर्षीच्या शेतकरी उठावांवरील ग्रंथात दिली. उठावाच्या वेळचा तातडीचा सरकारी मजकूर, नंतरचे अधिकाऱ्यांचे वृत्तान्त आणि त्याहून नंतरचे इतिहासलेखन असे तीन स्तर कल्पून, पहिल्या स्तरातील दृष्टी तिसऱ्या स्तरापर्यंत कशी पाझरते हे त्यांनी दाखवले. उठावकऱ्याची स्वतःची जाणीव नाकारून त्याच्या कृतीचे कर्तेपण दुसऱ्या कोणाला तरी देणे, हा त्यांचा मुख्य आक्षेप बस्तरमधील कारस्थानाच्या सिद्धान्ताला तंतोतंत लागू पडतो.

परंतु गुहा यांची चौकट जशीच्या तशी लावण्यात एक अडचण आहे. तिच्यात प्रतिपक्ष मुख्यतः एकसंध आहे. सरकार, सावकार आणि जमीनदार एका बाजूला, उठावकरी दुसऱ्या बाजूला. बस्तरच्या उठावकऱ्यांनी मात्र राजाला या फळीतून बाहेर काढण्याचा सातत्याने प्रयत्न केला. याला भोळी राजभक्ती म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. नंदिनी सुंदर यांच्या १९९७ मधील बस्तरविषयक ग्रंथाचे महत्त्व येथे जाणवते. राजेपण हे वरून लादलेले नसून विधी, मान आणि वाटाघाट यांतून प्रजेनेही घडवलेले असते, हे त्यांनी अभिलेखागारातील साधने व क्षेत्रकार्य यांच्या आधारे दाखवून दिले. त्या प्रकाशात मारेंगा येथे राजाची वाट अडवणे ही राजाला त्याच्या कर्तव्याची करून दिलेली आठवण ठरते.

तिसऱ्या स्तरातील लेखनाविषयी मात्र दोन आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. पहिला शालेय इतिहासाविषयी. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २००६ मधील नववीच्या पाठ्यपुस्तकाने बस्तरच्या उठावाला वनइतिहासाच्या प्रकरणात स्थान दिले, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि जंगल, वेठबिगार, दुष्काळ ही कारणे तेथे थेट वस्तुस्थिती म्हणून येतात. अशा कारणांची यादी प्रथम उठाव मोडणाऱ्या यंत्रणेनेच केली होती, आणि यादी करणे व शिक्षा देणे ही कामे एकाच वेळी चालली होती, हे विद्यार्थ्याला कळत नाही. कारणे खरी आहेत. परंतु ‘कारणे’ म्हणून त्यांची मांडणी झाली की उठाव हा यांत्रिक परिणाम वाटू लागतो आणि आंब्याच्या डहाळीतून निरोप पाठवणाऱ्या समाजाचा विचार व संघटन दुय्यम ठरते.

दुसरा आक्षेप वीरगाथात्मक लेखनाविषयी. गुंडाधुरला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या लेखनाने कर्तेपण राजघराण्याकडून आदिवासी नायकाकडे आणले, हे योग्यच झाले. मात्र एकच ‘कर्ता’ शोधण्याची पद्धत तिने बदलली नाही. कारस्थानाच्या सिद्धान्ताला कालेंद्रसिंह हवा होता, वीरगाथेला गुंडाधुर हवा आहे. ‘भूमकाल’ या शब्दात अभिप्रेत असलेली ‘भूम’, म्हणजे कुळांची सामायिक भूमी आणि तीवर राहणारा समाज, या दोन्ही मांडण्यांत मागे पडतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, राजाविरुद्धच्या आदिवासी उठावाविषयी अधिकाऱ्यांमध्ये झालेले मतभेद हे दया आणि कठोरता यांच्यातील मतभेद म्हणून वाचणे अपुरे आहे. दोष कोणाच्या दारात ठेवता येतो, यावर उत्तर ठरत होते. दोष संस्थानाच्या दारात ठेवणे शक्य असताना दरबार भरला. तो सरकारच्या दारात येऊ लागला तेव्हा दंड पुढे आला. १९१० मध्ये गाऱ्हाणी अज्ञात नव्हती. ती सरकारच्याच अहवालात होती. उणीव माहितीची नव्हती, जबाबदारी घेण्याची होती.

हा प्रश्न १९४७ मध्ये संपला नाही. बस्तर विलीन झाल्यावरही आदिवासींचे राजघराण्याशी असलेले नाते टिकून राहिले. मध्य प्रदेश शासन आणि प्रवीरचंद्र भंजदेव यांच्यातील संघर्षात १९६१ मध्ये लोहंडीगुडा येथे गोळीबार झाला. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात प्रवीरचंद्र व त्यांच्यासोबत आदिवासी मारले गेले. त्याही वेळी भोळे आदिवासी आणि त्यांना चिथावणारा राजा ही जुनी मांडणी हाताशी तयार होती. सत्ता बदलली, तरी युक्तिवादाचा साचा बदलला नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकांसाठी हा विषय परका नाही. १८७६ चा तोडगा ज्या सिरोंचाच्या अधिकाऱ्याने काढला, ते गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. बस्तरचा कारभार ज्या प्रांताच्या देखरेखीखाली चालला, त्याची राजधानी नागपूर होती. इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवरील माडिया-गोंड समाज एकच आहे. त्यामुळे या अहवालांचे वाचन करताना त्यांतील कारणांची नोंद घेणे जेवढे आवश्यक आहे, तेवढेच ती कारणे लिहिणारा हात त्याच दिवशी आणखी कोणत्या कागदावर सही करीत होता, हे तपासणेही आवश्यक आहे. अहवाल आणि शिक्षेचा हुकूम शेजारी ठेवून वाचल्याशिवाय उठावकऱ्यांचे म्हणणे ऐकू येणार नाही.